स्थानिक रहिवासी

विनीता पोतनीस जिथे नोकरी करायची तिथे पाच माणसं, सहा कॉम्प्युटर आणि सतत ठिबकणारा एक एसी होता. सियालदह स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, छत्र्यांच्या घाऊक दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. काम एकच. लोकांच्या फोनमधून फिरणाऱ्या गोष्टींतलं खरं काय आणि खोटं काय ते तपासायचं, आणि कसं तपासलं ते बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत छापायचं. संस्था कुठल्या पक्षाची नव्हती, त्यामुळे सगळ्याच पक्षांचे लोक शिव्या घालायचे. विनीताला त्याची नऊ वर्षांत सवय झाली होती. खरं तर त्या शिव्यांचा तिला थोडा अभिमानच वाटायचा.

तिच्याहून जास्त अभिमान तिच्या वडिलांना होता. श्रीकांत पोतनीस रेल्वेच्या गार्डन रीचच्या मुख्यालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. महाराष्ट्रात परत न जाता त्यांनी कोलकात्यातच, बेहालाला फ्लॅट घेतला होता. कोलकात्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणी काही ऐकीव पाठवलं की ते लेकीचा लेख शोधून खाली चिकटवायचे आणि लिहायचे, "आमच्या विनूने तपासलं आहे." पुढे कुणी वाद घालत नसे.

मार्चमधल्या एका मंगळवारी ऑफिसात एक व्हिडिओ आला. बावीस सेकंदांचा. कपडे शिवायच्या कारखान्याचा जिना, जिन्याच्या तोंडाशी निळं सरकतं लोखंडी जाळीचं दार, आणि दाराला बाहेरून कुलूप. मागे शिलाई मशिनींचा आवाज. फोन धरणारी बाई दिसत नव्हती, तिचा फक्त आवाज होता. बंगालीत ती म्हणत होती, "ही आमची फॅक्टरी. गार्डन रीच. सकाळी नऊला आम्हा बायकांना आत घेतात आणि बाहेरून कुलूप घालतात. आग लागली तर आम्ही कुठून पळायचं?" संध्याकाळपर्यंत चार लाख लोकांनी तो पाहिला होता. काही जणांनी त्याला भलताच रंग देऊन मालकाच्या धर्मावर लिहायला सुरुवात केली होती.

"हा तू घे," लीनादी म्हणाल्या. लीना सेन म्हणजे त्यांच्या संपादक. सगळे त्यांना लीनादीच म्हणत. "गार्डन रीच म्हणजे तुझंच गाव."

ते खरं होतं. विनीताचं बालपण तिथे, नदीकाठच्या रेल्वे कॉलनीत गेलं होतं. तिने नेहमीप्रमाणे काम सुरू केलं. व्हिडिओतून एकेक चित्र सुटं केलं आणि ती चित्रं आधी कुठे छापून आली आहेत का ते शोधलं. तासाभरात घबाड हाती लागल्यासारखं झालं. तीन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ सापडला. तोच जिना, तीच निळी जाळी, तिसऱ्या पायरीवरची तीच फुटकी फरशी, भिंतीचा खालचा अर्धा भाग हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेला, आणि जिन्यापलीकडे मशिनींवर बसलेल्या बायका. त्या व्हिडिओवर कुणीतरी गाणं चढवलं होतं, त्यामुळे मूळ आवाज ऐकू येत नव्हता. वर लिहिलं होतं, "ढाक्याच्या कारखान्यातले हाल." तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, फरशीच्या भेगेची रेघ जुळवली, स्विचबोर्ड मोजले. सगळं तंतोतंत होतं. जागा एकच होती. म्हणजे व्हिडिओ ढाक्याचा, गार्डन रीचचा नव्हेच.

गार्डन रीचमधल्या एका कारखान्याचं नाव लोक व्हिडिओखाली लिहीत होते, म्हणून तिने त्या मालकालाही फोन केला. तो अतिशय नम्रपणे बोलला. आमच्याकडे असं दार नाहीच, तो म्हणाला, आणि एका करड्या शटरचा फोटो त्याने लगेच पाठवला.

"स्थानिक कुणाशी बोललीस का?" लीनादींनी विचारलं. ही त्यांची सवय होती. मालक म्हणजे ज्याच्यावर आरोप झालाय तो. त्याच्याखेरीज जागा माहीत असलेलं आणखी एक माणूस हवंच, असा ऑफिसचा नियम होता.

पावणेसहा वाजले होते. गार्डन रीचला जायचं तर सव्वा तास, यायचं तर सव्वा तास. दुसऱ्या एका संस्थेनेही हा व्हिडिओ तपासायला घेतल्याचं कळलं होतं. विनीताने वडिलांना फोन लावला.

"बाबा, गार्डन रीचला शिलाईचा असा एखादा कारखाना आठवतो का? निळी जाळी, आतून जिना?"

"फोटो पाठव," बाबा म्हणाले. दोन मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "नाही ग. तसल्या गल्ल्यांत मी कधी फारसा गेलो नाही. पण असं बायकांना कोंडून वगैरे काही असतं तर आपल्या कानावर आलंच असतं. बावीस वर्षं काढली तिथे."

विनीताने लिहिलं, "या भागात दोन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या एका स्थानिक रहिवाशानेही असा कोणताही कारखाना येथे नसल्याचे आम्हाला सांगितले." वाक्य लिहिताना तिचा हात क्षणभर थांबला होता. हे तिला नंतर स्पष्ट आठवलं. थांबला, आणि मग चालू लागला. सव्वासहाला लेख बाहेर पडला. वर लाल पट्टी होती, "खोटा दावा."

अकरा दिवसांनी संस्थेच्या तक्रारीच्या नंबरवर एक निरोप आला. आवाज त्या व्हिडिओतलाच होता, ते विनीताच्या चटकन लक्षात आलं. पण आता तो थकलेला होता.

"माझं नाव सबीना खातून. तुम्ही ज्याला ढाक्याचा व्हिडिओ म्हणता तो माझ्या नणंदेने काढलेला आहे, तीन वर्षांपूर्वी, याच जिन्यात. तो तिने फक्त तिच्या बहिणीला पाठवला होता. पुढे कुणी त्यावर ढाका लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. दीदी, त्यात डावीकडून तिसऱ्या मशिनीवर मी आहे. पिवळी ओढणी. बघा." निरोपाबरोबर तिने स्वतःचा फोटो पाठवला होता. आधारकार्डावरचा नव्हे, साधा, घराच्या दारात उभं राहून काढलेला.

विनीताने जुना व्हिडिओ उघडला. डावीकडून तिसरी मशीन. पिवळी ओढणी. बाई दोन सेकंद मान वर करते आणि थेट कॅमेऱ्याकडे बघते. गालावर डाव्या बाजूला मोठा तीळ. फोटोतही तोच.

तो व्हिडिओ तिने त्या दिवशी तीस-चाळीस वेळा पाहिला होता. फरशी पाहिली होती, जाळीच्या पट्ट्या मोजल्या होत्या, वायर कुठून कुठे गेली ते पाहिलं होतं. त्यात नऊ बायका होत्या आणि तिने एकीचाही चेहरा पाहिला नव्हता. व्हिडिओ जुना आहे म्हणजे त्याच्यावर लिहिलेलं खरं आहे, असं ती न तपासता धरून चालली होती. बाकी सगळं तपासलं, तेवढंच सोडून. ती उठून लीनादींच्या टेबलापाशी गेली आणि मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला.

लीनादींनी दोनदा पाहिलं. रागावल्या नाहीत. "लेखावर आत्ता 'फेरतपासणी सुरू' असं टाक. आणि जा," एवढंच म्हणाल्या.

बसने जाताना कॉलनीचं जुनं फाटक लागलं. पुढच्या थांब्यावर ती उतरली. सबीनाने सांगितलेली गल्ली शोधायला तिला तीनदा विचारावं लागलं, आणि सापडली तेव्हा कळलं की ती फाटकापासून आठ मिनिटांवर होती. लहानपणी ती या रस्त्याने शाळेच्या बसमध्ये बसून रोज गेली होती. डावीकडे वळली कधीच नव्हती.

सबीना गल्लीच्या तोंडाशी उभी होती. चाळिशीची, बारीक, उंच. ती विनीताला सरळ कारखान्यासमोर घेऊन गेली. बाहेरून करडं शटर दिसत होतं, मालकाने फोटोत पाठवलेलं. शटर अर्धं वर होतं आणि त्याच्या आत, चार पावलांवर, निळी जाळी. कुलूप बाहेरच्या बाजूने. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून चिकटवला होता. लाल पट्टी विनीताने लांबूनच ओळखली. तिचाच लेख होता, बंगालीतला. खाली मालकाने पेनाने लिहिलं होतं, "अफवा पसरवणाऱ्यांना कामावर ठेवले जाणार नाही."

"लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला काढलं," सबीना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मालक म्हणाला, मी कशाला काही बोलू, शिकलेल्या लोकांनीच तपासून सांगितलंय की तू खोटारडी आहेस. आतल्या बायकांना विचारलं तर त्या गप्प. त्यांचं बरोबर आहे, त्यांना काम पाहिजे. दोघीतिघींना तर वाटलं की खरंच मी कुठलातरी जुना व्हिडिओ टाकला असणार. स्वतः रोज त्या कुलपाच्या आत बसतात, तरी वाटलं. छापलंय ना."

विनीता म्हणाली, "चूक माझी आहे. मी इथे यायला हवं होतं. मी आले नाही."

सबीनाने मान हलवली. तिला माफीत फारसा रस दिसला नाही. तिने विनीताला घरी नेलं, नणंदेच्या जुन्या फोनमधला मूळ व्हिडिओ दाखवला. त्यात गाणं नव्हतं, मशिनी होत्या, आणि कुणीतरी बाई दुसरीला बंगालीत ओरडून दोऱ्याचं रीळ मागत होती. विनीताने तारीख, वेळ, फाइलची सगळी माहिती उतरवून घेतली. पुन्हा खाली येऊन जाळीचे फोटो काढले. काम सुटून बाहेर आलेल्या दोन बायकांशी बोलली. मालक कापडाची चोरी होऊ नये म्हणून कुलूप घालतो, असं दोघींनी सांगितलं. या वेळी ती काहीही सोडत नव्हती.

निघताना सबीनाने विचारलं, "दीदी, तो स्थानिक रहिवासी कोण?"

कळूनही विनीताने विचारलं, "कोण?"

"तुम्ही लिहिलंय ना. इथे वीस वर्षांहून जास्त राहिलेला माणूस. त्याने सांगितलं की असा कारखानाच नाही." सबीना समोरच्या तळमजल्याच्या खोलीकडे बघत होती. खोलीचं दार लोटलेलं होतं. "तिथे इद्रिस चाचा राहतात. कापड बेतणारे मास्टर. मालकाच्या बापापासून त्यांचं काम करतात, ईदला त्यांच्याकडे जातात. सगळ्यांनी धरलंय की तेच बोलले. माझ्या नवऱ्याने त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहावाला त्यांना चहा देतो, पण कुणी त्यांच्या शेजारी बसत नाही. ते म्हणतात मी नाही. पण मग कोण? तुम्ही सांगा, तेच का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. विनीताने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "आम्ही कुणाशी बोललो त्याची नावं सांगत नाही. तो आमचा नियम आहे."

नियम खरा होता. घाबरलेल्या माणसांना सांभाळण्यासाठी तो केलेला होता. विनीताने त्याच्या आड स्वतःला लपवलं, आणि लपवताना तिला ते पुरतं कळत होतं. सबीना म्हणाली, "बरं." परतीच्या बसमध्ये जागा असूनही विनीता बसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. "आमची चूक झाली. व्हिडिओ गार्डन रीचमधलाच आहे. सबीना खातून यांचे म्हणणे खरे आहे. आम्ही त्यांची माफी मागतो." ढाक्याच्या मथळ्यावर कसा विश्वास ठेवला गेला तेही सविस्तर लिहिलं. लीनादींनी वाचून मान डोलावली. स्थानिक रहिवाशाचं वाक्य विनीताने काढून टाकलं. त्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही. आता चुकीच्या लेखातलं एक वाक्य गेलं तर काय बिघडलं, असं तिने स्वतःला समजावलं.

दुरुस्तीचा परिणाम झाला. एका वर्तमानपत्राने बातमी केली, तपासणीला सरकारी माणसं आली, मालकाला बोलावून घेतलं, जाळीचं कुलूप निघालं. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, चूक कबूल करावी तर अशी. विनीता पाणी प्यायला उठून गेली.

पाचव्या दिवशी सबीनाचा फोन आला.

"दीदी, तुम्ही ते वाक्य काढलंत."

"हो. ते बरोबर नव्हतं म्हणून."

"इथे आधीचा लेख सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले." शेजारी शेजारी ठेवून पाहणं हे तिचं काम होतं. सबीना बोलत होती. "आता म्हणतात की आपलं नाव बाहेर येईल म्हणून इद्रिस चाचांनी तुमच्याकडे येऊन वाक्य काढायला लावलं. काल कुणीतरी त्यांच्या दारावर शेण मारलं. त्यांची बायको वारली आहे, मुलगी सासरी आहे. एकटे धूत होते. माझ्यासाठी हे केलं असं पोरं मला येऊन सांगतात. मला ते नको आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, ते होते की नव्हते."

"नव्हते," विनीता म्हणाली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

सबीनाने वाट पाहिली आणि फोन ठेवला.

ती सरळ लीनादींच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. पावणेसहाचा फोन, बाबा काय म्हणाले होते, आपण काय लिहिलं. लीनादी पहिल्यांदाच चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिल्या.

"त्यांनी 'कारखाना नाही' असं म्हटलं होतं?"

"ते म्हणाले होते की त्या गल्ल्यांत फारसे गेले नाहीत."

"आणि ते पंधरा वर्षांपूर्वी तिथून निघाले आहेत."

"हो."

"व्हिडिओची चूक कुणाचीही झाली असती," लीनादी सावकाश म्हणाल्या. "ती तर मीही वाचून सोडली. पण ही चूक नाही, विनीता. तुला माहीत होतं." कागद पुढे ओढून त्यांनी दुसरी दुरुस्ती स्वतः लिहायला घेतली. "तो रहिवासी म्हणजे आमच्या वार्ताहराचे वडील होते," हे वाक्य त्यांनी पहिल्या ओळीत घातलं. विनीताला महिनाभर लेखनापासून दूर ठेवलं. ते तिला कमीच वाटलं.

घरी जाऊन बाबांना सांगायचं होतं, छापून यायच्या आत.

बाबा हॉलमध्ये पंख्याखाली बसले होते. आई, कालिंदीबाई, जमिनीवर कागद पसरून मेथी निवडत होती. विनीता उभ्यानेच बोलली. बोलताना बाबांच्या चेहऱ्याकडे तिला बघवलं नाही. ती मेथीच्या काड्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

"मी असं म्हणालो नव्हतो," बाबा म्हणाले. "कारखाना नाही असं मी कुठे म्हटलं?"

"तसं तुम्ही म्हणाला नव्हतात. ते मी लिहिलं."

"असं काही असतं तर कानावर आलं असतं, असं म्हणालात," आई मान वर न करता म्हणाली. "मी इथेच होते."

बाबा म्हणाले, "कुणाच्या कानावर येणार होतं?" तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. "आपल्याकडे कामाला येणारी ती कोण होती, रशीदा. तिकडूनच यायची ना?"

"तिकडूनच," आई म्हणाली.

"कुठे राहते ते कधी विचारलं नाही आपण."

"मी विचारलं होतं एकदा. तिने सांगितलं. लक्षात नाही राहिलं."

थोड्या वेळाने बाबांनी फोन काढला. मराठी ग्रुपवर अडीच आठवड्यांपूर्वी त्यांनी विनीताचा लेख टाकला होता. "ढाक्याचा व्हिडिओ आपल्या गार्डन रीचच्या नावावर खपवत आहेत. आमच्या विनूने तपासलं आहे." खाली सतरा जणांनी अंगठे दाखवले होते, एकाने लिहिलं होतं, 'या लोकांना बदनामीच करायची असते.' बाबांनी ते तिला दाखवलं नाही, पण चष्मा कपाळावर चढवून ते वाचत राहिलेले तिने पाहिले. मग त्यांनी एका बोटाने काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"उद्या मी येतो तिथे," ते म्हणाले.

"बाबा, तुमची गरज नाही. चूक माझी आहे. मी सांगते त्यांना."

"तू सांगशील की तुझे बाबा. ते बाबा कुठे आहेत असं विचारतील."

विनीताला ते यायला नको होते. वडिलांना आपल्यामुळे कुणापुढे मान खाली घालावी लागेल हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यापेक्षाही, ते तिथे नुसते उभे राहिले तरी आपण काय केलं ते डोळ्यांपुढे येणार होतं. पण अडवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटलं.

सकाळी दहाला दोघं निघाले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू कचेरीत जायचं आहे. कॉलनीच्या फाटकावरून बस गेली तेव्हा त्यांनी सवयीने उजवीकडे पाहिलं. उतरल्यावर मात्र त्यांना रस्ता ठाऊक नव्हता. विनीता पुढे चालली. त्यांनी मध्येच एकदा घड्याळ पाहिलं. किती मिनिटं झाली ते मोजत होते बहुतेक.

सबीना गल्लीत होती. दुसरी दुरुस्ती तिने वाचली होती. तिने बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न बोलता इद्रिस चाचांचं दार वाजवलं.

इद्रिस चाचा सत्तरीचे होते, पांढरी दाढी, गळ्यात मापाची पट्टी. खोलीत एक लांब टेबल, त्यावर करड्या कापडाचे थर आणि खडूच्या रेघा. दारावर धुतल्याचे डाग अजून दिसत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. कुणी बसलं नाही.

विनीता हिंदीत म्हणाली, "चाचा, माझ्या लेखात ज्यांचा उल्लेख होता ते तुम्ही नव्हता. ते माझे वडील होते. मी त्यांना फोन केला होता, इथल्या कुणालाही नाही. मी खोटं लिहिलं. आणि सबीनाने विचारलं तेव्हा लपवलं."

"मीच तो," बाबा म्हणाले. त्यांची हिंदी रेल्वेतली होती, हुकूम द्यायला चांगली. आज ती अडखळत होती. "मी इथे राहत होतो, म्हणजे... पलीकडे. कॉलनीत. या गल्लीत मी आज पहिल्यांदा आलो. मला माहीत नव्हतं. माहीत नाही एवढंच म्हणायला हवं होतं. मी माफी मागतो."

इद्रिस चाचांनी गळ्यातली पट्टी काढून बोटांभोवती गुंडाळली. बराच वेळ ते गुंडाळत राहिले.

"तुमच्यावर माझा राग नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही मला ओळखत नाही. या गल्लीतली अर्धी पोरं माझ्यासमोर चालायला शिकली. त्यांच्या बापांच्या लग्नाच्या शेरवान्या मी बेतल्यात. त्या सगळ्यांनी तुमचं एक वाक्य वाचलं, आणि चाळीस वर्षं धुतली गेली." सबीनाने खाली पाहिलं. "तुम्ही मला इथे खोलीत सांगताय. मला तर माहीतच होतं की मी नव्हतो. मला सांगून काय उपयोग?"

बाबांना समजायला क्षण लागला. "कुठे सांगू?" त्यांनी विचारलं.

चहाची टपरी वीस पावलांवर होती. बाकावर आठ-दहा माणसं बसलेली, दोघंतिघं उभी. कोपऱ्यावर कारखान्यातल्या दोन बायका डबा धुवायला आल्या होत्या. इद्रिस चाचा स्वतः बाहेर आले नाहीत, दारातच उभे राहिले. बाबा टपरीसमोर जाऊन थांबले. विनीता त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने ठरवलं होतं की आधी आपण बोलायचं, पण बाबांनी सुरुवात केली, आणि तीही बंगालीत. त्यांची बंगाली बाजारातली होती, भाजी आणि मासे घेण्यापुरती. व्याकरण जागोजाग मोडत होतं. "आपनारा शुनुन," म्हणजे तुम्ही सगळे ऐका, असं ते म्हणाले, आणि मग मोडक्या वाक्यांत सांगितलं की तो स्थानिक माणूस मी, इद्रिसबाबूंनी काही सांगितलं नाही, मला काही ठाऊक नसताना मी बोललो.

एक तरुण हसला. बाकावरचा एक जण म्हणाला, "तुम्हाला आज कुणी पाठवलं? मालकाने?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले.

"आता कसं खरं मानायचं?"

बाबा विनीताकडे वळले, आणि तिला लहानपणापासून माहीत असलेला त्यांचा चेहरा तिला ओळखता येईना. सगळ्या प्रश्नांची उत्तरं असलेला तो माणूस तिच्याकडे मदत मागत होता.

विनीताने तोंड उघडलं. "मी लिहिणारी," ती म्हणाली. "लेखाखाली नाव आहे ना, विनीता, ती मी. यांनी सांगितलं होतं की त्यांना नीट माहीत नाही. मी ते बदललं. इद्रिस चाचांना मी पहिल्यांदा आज पाहिलं. हवं तर ऑफिसात फोन करून विचारा, नंबर देते." लोक ऐकत होते की चहा पीत होते ते तिला कळेना. ती पुन्हा म्हणाली, "त्यांनी काहीही केलेलं नाही."

चहावाल्याने गाळणी आपटली. बाकावरचा एक म्हातारा उठला, गल्लीतून इद्रिस चाचांच्या दाराकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि परत येऊन बसला. मघाचा तरुण आता हसत नव्हता, पायाने माती उकरत होता. दारातून इद्रिस चाचा आत गेले आणि थोड्या वेळात कात्रीचा आवाज येऊ लागला.

सबीना विनीताच्या जवळ आली. "मला दुसरीकडे काम मिळालंय," ती म्हणाली. "इथे परत नाही घेणार ते, कुलूप निघालं तरी." मग थोडं थांबून, "माझ्याही नवऱ्याला त्यांच्याकडे जावं लागेल. तो आज नाही जाणार. शरमतोय."

"मी पुन्हा येऊ?" विनीताने विचारलं.

सबीनाने विचार केला. "आता नको, दीदी," ती म्हणाली. "आता आमचं आम्हाला बघू द्या."

बाबा अजून टपरीसमोर उभे होते. चहावाल्याने त्यांच्यापुढे चहाचं मातीचं भांडं धरलं होतं आणि घ्यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. विनीताने जाऊन त्यांच्या कोपराला हात लावला. ते दचकले, चहावाल्याला नमस्कार केला, आणि चहा न घेता तिच्याबरोबर गल्लीतून बाहेर पडले.